शून्य कुठे धरले आहे?

मोंढ्यातल्या एका आडत दुकानातून काट्याचा अडॅप्टर आला. तक्रार अशी की सकाळी वजन बरोबर येते, दिवेलागणीला शेवटचे दोन आकडे नाचायला लागतात, कधी सगळे विझून पुन्हा शून्य दाखवतात. काट्यातली बॅटरी केव्हाच मेली आहे, काटा वायरीवरच चालतो. काट्याला हात लावला नाही. त्यावर वैधमापनचे सील आहे, ते काम परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याचे. अडॅप्टर मात्र जुन्या धर्तीचा, हाताला जड लागणारा: आत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज, एक कपॅसिटर. बस्स.

नुसता मोजला तर १२.४ व्होल्ट डीसी. अगदी हवे तेवढे. दुकानदार म्हणाले, “मास्तर, म्हणजे ह्यात काही नाही, काट्यातच बिघाड आहे.” तसे म्हणता येत नाही. लोड नसताना कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो आणि भरलेलाच राहतो. चारातला एक डायोड उघडा पडला तरी मीटरवर आकडा तोच. लोड दिल्याशिवाय ब्रिजबद्दल मत देऊ नये.

३९ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावला. आकडा साडेनऊवर आला. मीटर एसी रेंजवर घेतले तर दीड व्होल्टच्या पुढे. चांगल्या ब्रिजला हे याच्या निम्मे असते. (स्वस्त मीटरची एसी रेंज डीसीलाही भुलते आणि भलताच मोठा आकडा दाखवते. मीटरच्या लाल वायरीत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये घातला की डीसी अडते, फक्त रिपल, म्हणजे डीसीवरची लाट, पोचते.)

*

हिशोब लिहून ठेवतो, मुले विचारतात म्हणून.

आपली वीज ५० हर्ट्झ. चारही डायोड चालू असतील तर दोन्ही अर्ध्या लाटा कामी येतात, म्हणजे कपॅसिटरला दर १० मिलिसेकंदांनी भरणा मिळतो. एक डायोड उघडा पडला की एक अर्धी लाट वाया, भरणा २० मिलिसेकंदांनी. घरातला रांजण तोच, खर्चही तोच, फक्त नळ दुप्पट दिवसांनी येऊ लागला की जी गत होते ती कपॅसिटरची.

१००० मायक्रोफॅरड आणि ३०० मिलिअँपिअर धरा. करंट गुणिले वेळ भागिले कपॅसिटन्स: पहिल्या बाबतीत ३ व्होल्टची घसरण, दुसऱ्यात ६. म्हणजे १२.४ वरून एकदा ९.४ पर्यंत, एकदा ६.४ पर्यंत. पुढे ७८०५ रेग्युलेटर असेल तर त्याला किमान ७ व्होल्ट लागतात. हा ढोबळ हिशोब खरी घसरण थोडी वाढवून सांगतो, त्यामुळे सकाळी जेमतेम भागते. संध्याकाळी लाइन २०० वर आली की भागत नाही. आकडे नाचतात ते तेव्हा.

*

आता खरी गोम. अडॅप्टर उघडून, वीज काढून, कपॅसिटर रिकामा करून, डायोड जागेवरच मोजले. मीटर डायोडच्या खुणेवर. चारही डायोड ०.५५ ते ०.६ दाखवतात. चारही चांगले! इथे पुष्कळ जण फसतात आणि चांगला कपॅसिटर बदलून बसतात.

कारण सेकंडरीचे वाइंडिंग जोडलेलेच आहे. डीसीला ते वाइंडिंग म्हणजे काही ओहमची साधी तार. एसीची दोन्ही टोके त्या तारेने एकच झालेली. उघड्या डायोडवर प्रोब ठेवली की मीटरचा करंट वाइंडिंगमधून पलीकडच्या टोकाला जातो आणि शेजारच्या चांगल्या डायोडमधून उतरतो. मीटर त्या शेजाऱ्याचे मोजमाप ह्याच्या नावावर दाखवते. उलटही घडते: एक डायोड शॉर्ट असेल तर वाइंडिंगमुळे त्याचा जोडीदारही शॉर्ट वाटतो आणि दोन्ही काढले जातात.

उपाय छोटा. ट्रान्सफॉर्मरची एक वायर, फक्त एक, ब्रिजपासून सोडवायची. मग चारही डायोड आपापले खरे रूप दाखवतात. ह्या अडॅप्टरमध्ये प्लसकडचा एक डायोड दोन्ही बाजूंनी उघडा निघाला. बोर्डावर त्याच्या पायाशी सोल्डरला गोल तडा होता, काळसर. गरम होऊन, गार होऊन, सांधा सुटलेला; पुढे डायोडही गेला. १एन४००७ हा एक अँपिअर, १००० व्होल्टचा डायोड एक-दोन रुपयांत येतो. नव्या डायोडचे पाय जरा लांब ठेवले, बोर्डापासून वर उचलून बसवला, म्हणजे त्याची उष्णता सांध्यात उतरणार नाही.

*

डायोडवरची चंदेरी पट्टी म्हणजे कॅथोड. ब्रिजमध्ये प्लसच्या टोकाला दोन पट्ट्या भेटतात, मायनसच्या टोकाला दोन बिनपट्टीची टोके भेटतात, एसीच्या प्रत्येक टोकाला एक पट्टीचे आणि एक बिनपट्टीचे. बोर्डाचा नकाशा नसला तरी एवढ्यावर सगळे ओळखता येते.

केबीपीसी-३५१० सारखा चौकोनी धातूचा ब्रिज असेल तर ज्या कोपऱ्याची धार कापलेली तो प्लस. त्या कोपऱ्यातली पट्टीही बाकीच्या तिघींशी काटकोनात असते. छापलेली अक्षरे तेलाने पुसली गेली तरी ही खूण जात नाही. वेल्डिंगवाल्यांच्या आणि बॅटरी चार्जिंगवाल्यांच्या मशिनमध्ये हेच असतात.

*

ह्या चार डायोडांच्या मांडणीला पुस्तकात ग्रेट्झ ब्रिज म्हणतात. लिओ ग्रेट्झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने ती १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या आधी, डिसेंबर १८९५ मध्ये, कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने तिचे ब्रिटनमध्ये पेटंट घेतले होते. तेव्हा सिलिकॉन कुठले? पोलाक विद्युत-रासायनिक रेक्टिफायरवर, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर काम करत होता. मांडणी तेव्हाची, वापर आजचा. शाळेच्या पुस्तकात पोलाकचेही नाव असायला हवे असे मला मनापासून वाटते.

*

माझ्याकडे जो कोणी सीआरओ (ऑसिलोस्कोप) शिकायला येतो त्याला पहिल्या दिवशी एकच काम. सीआरओचा प्लग भिंतीतून काढायचा. मल्टिमीटर बीपवर ठेवायचे. एक वायर प्रोबच्या काळ्या क्लिपला, दुसरी प्लगच्या जाड, लांब, तिसऱ्या पिनला.

बीप वाजते.

मग क्लिप काढून बीएनसीच्या कड्याला लावायची. वाजते. दुसऱ्या चॅनेलच्या क्लिपला. वाजते. मागच्या स्क्रूला. वाजते. हे सगळे एकच तार आहे आणि ती तार भिंतीतून जमिनीत गेली आहे, हे कानाने ऐकल्यावर जेवढे ठसते तेवढे फळ्यावर लिहून ठसत नाही. काळी क्लिप म्हणजे मल्टिमीटरची काळी वायर नव्हे. मल्टिमीटर बॅटरीवर आहे, हातात अधांतरी आहे, त्याचे शून्य आपण ठेवू तिथे. सीआरओचे शून्य आधीच ठरलेले आहे: ते जमिनीत आहे. आपण क्लिप सर्किटमध्ये जिथे लावतो ती जागा आपण जमिनीला बांधतो.

फंक्शन जनरेटरचेही बहुधा तसेच. बेंच पॉवर सप्लायला लाल, काळे, हिरवे अशी तीन टोके असतात. काळे आणि हिरवे वेगळे. मधली पट्टी जोडली तरच ते एक.

*

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ठरलेला प्रसंग. विद्यार्थ्याला ब्रिजची आत जाणारी लाट आणि बाहेर येणारी लाट एकाच वेळी पडद्यावर बघायची असते. दोन चॅनेल आहेतच. पहिल्याची टीप सेकंडरीच्या एका टोकाला, क्लिप दुसऱ्या टोकाला. दुसऱ्याची टीप प्लसला, क्लिप मायनसला. कागदावर बरोबर दिसते.

पण दोन्ही क्लिपा आतून एक. म्हणजे सेकंडरीचे एक टोक आणि डीसीचे मायनस यांच्यामधला डायोड तारेने शॉर्ट झाला. आता पहिले टोक जेव्हा मायनसकडे जाते तेव्हा दुसरा खालचा डायोड थेट पूर्ण सेकंडरीवर येतो. मध्ये वाइंडिंगचा रेझिस्टन्स सोडला तर अडवायला काही नाही. पडद्यावर आतल्या लाटेचा खालचा अर्धा भाग ०.७ व्होल्टवर चिरडलेला दिसतो, बाहेर हाफ-वेव्ह. जर्नलमध्ये “डायोड खराब” असे लिहिले जाते. तोवर ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा वास सुटलेला असतो आणि तो सगळा करंट प्रोबच्या बारीक जाळीतून वाहत असतो.

डायोड चांगला होता. मोजायला गेलो आणि मोजण्यानेच सर्किट बदलले.

लाटा एकापाठोपाठ एक बघाव्यात. ट्रिगरचे बटण ‘लाइन’वर ठेवले की दोन्ही वेळा पडदा विजेच्या ५० हर्ट्झलाच धरून चालतो, म्हणून कोणती लाट कुठे सुरू होते हे जुळवता येते. नुसते एवढे बटण माहीत असते तर कितीतरी ट्रान्सफॉर्मर वाचले असते.

*

कापसाच्या फवारणीचे दिवस. बॅटरीवर चालणाऱ्या पाठीवरच्या पंपांचे चार्जर येऊ लागले. बदनापूर, मंठा, परतूर, सगळीकडून. प्लॅस्टिकची डबी, वर लाल-हिरवा दिवा. शेतातल्या आखाड्यावर जनरेटर नाहीतर लांबून ओढलेली वायर, व्होल्टेज कधी १६० कधी २७०. बहुतेकांत तीच कहाणी: फ्यूज गेला, ब्रिज शॉर्ट, मोठा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला.

इथला ब्रिज काट्याच्या अडॅप्टरमधला नाही. इथे ट्रान्सफॉर्मर ब्रिजच्या आधी नसतो, नंतर असतो. भिंतीतली वीज फ्यूजमधून सरळ ब्रिजमध्ये. २३० चे शिखर ३२५ व्होल्ट, तेवढे कपॅसिटरवर. आणि मायनस? मायनस हे जमीन नव्हे, न्यूट्रलही नव्हे. फेज जेव्हा प्लसकडे असतो तेव्हा मायनस न्यूट्रलच्या जवळ बसते. फेज मायनसकडे गेला की त्याच्या मागोमाग तेही उणे ३२५ पर्यंत खाली जाते. सेकंदाला ५० वेळा.

त्या जागेला सीआरओची क्लिप लावली तर? क्लिप जमीन आहे, म्हणजे शून्य. फेज उणे होतो, करंट जमिनीतून क्लिपमध्ये, क्लिपमधून डायोडमध्ये, डायोडमधून फेजमध्ये. अडवणारे कोणी नाही.

एका दुकानात हे घडल्यावर बोर्ड माझ्याकडे आला होता. क्लिपचा एक दात वितळून गोळी झालेला, ब्रिजचे पोट फाटलेले, बोर्डावरचा तांब्याचा पट्टा कागदासारखा उचललेला. भिंतीतला एमसीबी पडला, पण डायोड फुटल्यावर. आरसीसीबी असता तर जमिनीत जाणारा करंट ओळखून लगेच पडला असता. पोराच्या हाताला काही झाले नाही, एवढे फार झाले.

चार्जरच्या बोर्डाला उलटे धरून बघावे. मधोमध एक मोकळी पट्टी दिसते, कधी तिथे खाच कापलेली असते. तिच्या एका बाजूला भिंतीतली वीज, दुसऱ्या बाजूला बॅटरीकडे जाणारी वीज. ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलर एवढेच त्या पट्टीवरून पूल टाकून जातात, आणि एखादा निळा कपॅसिटर. बॅटरीकडच्या बाजूला क्लिप लावा, हरकत नाही. भिंतीकडच्या बाजूला क्लिपेने शिवायचे नाही.

*

कपॅसिटर रिकामा करायला स्क्रूड्रायव्हर आडवा घालू नये. ४७ मायक्रोफॅरड ३२५ व्होल्टवर अडीच ज्यूल धरून असतो. ठिणगीने पट्टा उडतो, दचकून हात भलतीकडे जातो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना बांधून ठेवला आहे. दोन-अडीच सेकंद धरायचा, मग मीटरने बघायचे, मग हात लावायचा. मधली पायरी गाळायची नाही.

*

तिसरी पिन कापलेल्या इतक्या सीआरओ मी पाहिल्या आहेत की आता बघवत नाही. चांगल्या प्रयोगशाळांतही. “सर, पिन कापली की स्फोट होत नाही.” बरोबर आहे, होत नाही. क्लिप आता जमिनीला बांधलेली नाही, म्हणून करंट वाहत नाही. पण क्लिपची जागा जिकडे जाईल तिकडे सीआरओचे अख्खे पत्र्याचे अंग जाते. चार्जरच्या मायनसला क्लिप लावली तर बटणांच्या कड्या, बीएनसी, मागचे स्क्रू, सगळे उणे ३२५ च्या त्या उड्या मारते. आणि त्या बटणावर बोटे ठेवूनच तर आपण काम करतो.

क्लिप कुठेही लावलेली नसतानासुद्धा पिन कापलेल्या सीआरओला टेस्टर लावा, बहुधा पेटेल. आत विजेच्या वाटेवर फिल्टर असेल तर दोन लहान कपॅसिटर असतात: एक फेजपासून अंगाकडे, एक न्यूट्रलपासून अंगाकडे. अर्थिंग असले तर त्यांची गळती जमिनीत जाते, कळतही नाही. अर्थिंग तोडले की दोघांच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर, अंग तरंगते. करंट अगदी थोडा, मुंग्या येण्याइतका. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉप लावून धातूच्या कडेवरून बोट फिरवताना जी झिणझिण लागते ती हीच.

तरंगवायचे असेल तर दुरुस्तीला आलेली वस्तू तरंगवा, मोजणारे यंत्र नव्हे.

*

त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. एकास एक, २३० आत, २३० बाहेर, दोन वाइंडिंगांत तांब्याचा संबंध नाही. चार्जर त्याच्यावर, सीआरओ भिंतीवर, तिसऱ्या पिनेसकट. आता चार्जरच्या मायनसला क्लिप लावली तरी करंटला जमिनीतून फेजकडे परतायला वाट नाही.

हे सांगून थांबलो तर अर्धेच सांगितले. क्लिप लावली त्या क्षणी ती वस्तू पुन्हा जमिनीला बांधली गेली. आता मायनस शून्यावर, आणि प्लसला हात लागला तर तुमच्या पायांखालच्या फरशीपर्यंत पूर्ण ३२५. आयसोलेशनचा दिलासा क्लिप लावेपर्यंतच. आणि त्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे भिंतीतला आरसीसीबी तुम्हाला वाचवत नाही, कारण त्याला पलीकडचे दिसत नाही. एक हात खिशात, ही जुन्या रेडिओवाल्यांची सवय इथे उपयोगी.

*

जालन्यातला मस्तगड. इथल्या गढीचे बांधकाम १७२५ चे, निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकुमावरून काबिलखानाने केलेले. भोवतालची वस्ती तिच्यानंतर वाढत, दाटत गेली. जुन्या घरांत वीज नंतर आली, लाकडी पट्टीवर, दोन वायरींची. सॉकेट पुढे बदलले. तीन भोकांचे पांढरे, चकचकीत. मागे उघडून बघावे तर वायरी दोनच. वरचे मोठे भोक रिकामे.

शेजारच्या काकूंच्या घरी फ्रिजला हात लावला की झिणझिण. मीटरवर तीन आकडे घेतले: फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ ११४, न्यूट्रल-अर्थ १११. निम्मे-निम्मे. हे आकडे दिसले की अर्थ नाहीच, वायर हवेत लोंबते आहे असे समजावे. चांगल्या घरात हे २२८, २२६, २ असे काहीतरी येतात. शेवटचा आकडा अगदी ०.० आला तर मी खूश होत नाही; कोणीतरी बोर्डात न्यूट्रलच अर्थच्या भोकाला जोडून ठेवलेला असतो. तसे असेल आणि बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण फेज येतो. अर्थिंग नसण्यापेक्षा हे वाईट.

मीटरचा आकडाही पुरेसा नाही. मीटरला मोजायला करंट लागतच नाही म्हटले तरी चालेल, म्हणून गंजलेली, एका तंतूवर टिकलेली अर्थची वायरही त्याला २२६ दाखवते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा. लख्ख पेटला तर अर्थ जिवंत. आरसीसीबी पडला तरी उत्तम, दोन्ही एकदम तपासले गेले. मंद पेटला तर खड्डा बघायला जायचे. हे काम वायरमनने, रबरी चपला घालून, कोरड्या हातांनी.

*

अर्थिंगचा खड्डा आमच्याकडे उन्हाळ्यात दगा देतो. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. ओली काळी माती वीज छान वाहते. मार्चनंतर ती सुकते, आकसते, तिला भेगा पडतात आणि पाइपभोवती बोटभर फट तयार होते. मुरूम तर कोरडाच. पावसाळ्यात मोजलेला रेझिस्टन्स मे महिन्यात कितीतरी पटीने वाढलेला असतो, आणि कागदावर मात्र पावसाळ्यातलाच आकडा. कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवायला आणि वाट मोकळी राहायला, पण मीठ दर पावसात थोडे धुऊन जाते आणि पाइपही खाते.

पाण्याची ओढ असलेल्या गावात अर्थिंगला पाणी घाला म्हणायला जीव कचरतो. धुण्याभांड्याचे पाणी चालते. खड्डा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर घेतला तर वेगळे घालावेही लागत नाही. नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो.

*

एमआयडीसीत लोखंड वितळते तेही ब्रिजवरच. जालन्याच्या सळईमागे इंडक्शन फर्नेस आहे, आणि इंडक्शन फर्नेसच्या तोंडाशी तीन फेजचा, सहा एससीआरचा ब्रिज. ५७५ व्होल्ट आत गेले तर साधारण ७७६ व्होल्ट डीसी बाहेर, १.३५ ने गुणायचे. रिपल ३०० हर्ट्झ. पुढे इन्व्हर्टर तिची पुन्हा एसी करतो आणि तांब्याच्या पोकळ कॉइलमध्ये पाठवतो. त्या कॉइलच्या पोटातून थंड पाणी वाहत असते.

तिथले ग्राउंडिंग मला सगळ्यात विचार करायला लावणारे वाटते. कॉइल मुद्दाम जमिनीपासून सुटी ठेवतात. वितळलेले लोखंड मात्र मुद्दाम जमिनीला बांधतात: भट्टीच्या तळाच्या अस्तरातून स्टेनलेस स्टीलच्या तारा वर काढलेल्या असतात, त्या रसाला टेकतात. अस्तर झिजून रस कॉइलकडे सरकू लागला की कॉइलपासून रसामार्फत जमिनीत थोडा करंट गळतो, यंत्र तो पकडते आणि भट्टी बंद पाडते. रस आणि पाणी एकत्र आले तर काय होते ते कोणाला सांगायला नको. म्हणून “ग्राउंड लीकेज” दाखवून भट्टी वारंवार बंद पडते तेव्हा तो सेन्सर बायपास करण्याचा विचार ज्याच्या डोक्यात येईल त्याला तिथेच थांबवले पाहिजे. पाळीचे टनेज एक दिवस कमी भरेल. भरू दे.

आणि त्या पॅनेलमध्ये बेंचवरची सीआरओ घेऊन कोणी जाऊ नये. तिथे डिफरन्शियल प्रोब, त्या व्होल्टेजचा. नाहीतर बॅटरीवरची, चॅनेल एकमेकांपासून सुटे असलेली हातातली सीआरओ. मीटरही कॅट-थ्रीचे. मीटरच्या भोकापाशी ते छापलेले असते.

*

महाराष्ट्रातला सर्वात मोठा ब्रिज कुठे, असे एका मुलीने विचारले. माझे उत्तर: चंद्रपूर. तिथून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च व्होल्टेजच्या डीसीची) लाइन १९९९ पासून चालते. अधिक ५०० किलोव्होल्टची एक तार, उणे ५०० ची दुसरी, १५०० मेगावॅट. चंद्रपूरला थायरिस्टरांचे ब्रिज एसीची डीसी करतात, पडघ्याला तसेच ब्रिज उलटे चालून डीसीची एसी. सहाचे दोन ब्रिज एकावर एक, ट्रान्सफॉर्मरच्या स्टार आणि डेल्टा जोडणीमुळे ३० अंशांनी सरकवलेले, म्हणून एका फेऱ्यात बारा ठोके आणि रिपल ६०० हर्ट्झ.

तिचा पुढचा प्रश्न चांगला होता: “मग ह्याचे शून्य कुठे आहे?” दोन्ही तारांच्या बरोबर मध्ये, आणि तो मधला बिंदू दोन्ही टोकांना जमिनीला जोडलेला. दोन्ही तारा सारख्या चालतात तेव्हा जमिनीत जवळजवळ काहीच जात नाही. एक तार बंद पडली तर दुसरीचा करंट परतायला जमीनच वापरता येते, त्यासाठी केंद्रापासून दूर खास इलेक्ट्रोड पुरलेले असतात. १५०० अँपिअरपर्यंत. आपल्या काट्याच्या अडॅप्टरमध्ये ३०० मिलिअँपिअर. गणिताची रीत मात्र तीच लागते.

रेल्वेचेही तिला सांगितले. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली. वर २५ किलोव्होल्टची एकच तार, परतीची वाट रुळातून आणि जमिनीतून. गाडीतले कन्व्हर्टर आधी एसीची डीसी करतात, मग मोटरींसाठी तीन फेज.

*

सिरीज बोर्ड प्रत्येक टेबलावर हवाच. १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. दुरुस्त केलेला चार्जर पहिल्यांदा त्याच्यातून लावायचा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ब्रिज ठीक आहे, कपॅसिटर भरून घेतला. लख्ख पेटून राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने करंट अर्ध्या अँपिअरच्या आत धरून ठेवला म्हणून नवे डायोड वाचले. तारेचे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत. जिथे दिसतील तिथे घेऊन ठेवतो.

*

डिफरन्शियल प्रोब महाग असते, मुलांना परवडत नाही. त्यावाचून करायची रीत: दोन्ही प्रोब १० पटीवर, दोन्ही एकाच जातीच्या. दोन्ही क्लिपा एकमेकींना अडकवून बाजूला ठेवायच्या, सर्किटला लावायच्याच नाहीत. पहिली टीप एका बिंदूवर, दुसरी दुसऱ्यावर. दुसरे चॅनेल उलटे करून दोघांची बेरीज. नव्या डिजिटलमध्ये मॅथ, ए वजा बी. पडद्यावर त्या दोन बिंदूंमधला फरक येतो आणि जमीन सर्किटमध्ये शिरत नाही. दोन्ही चॅनेलचा व्होल्ट-प्रति-घर सारखा हवा, आणि आधी दोन्ही टिपा एकाच बिंदूवर ठेवून रेघ सपाट येते का ते बघून घ्यायचे. प्रोबवर छापलेली व्होल्टेजची मर्यादा ओलांडायची नाही.

*

एलईडी बल्ब दुरुस्तीला बसलेल्या नव्या पोरांसाठी. त्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवरचा चार पायांचा बारीक काळा तुकडा हाही ब्रिजच, एमबी-१०-एफ किंवा त्याच्या जातीचा. होल्डरमधून वीज सरळ त्याच्यात येते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. स्वस्तातल्या बऱ्याच बल्बांत त्या चकतीवरचा प्रत्येक एलईडी, प्रत्येक सांधा भिंतीच्या विजेला जोडलेला असतो, तुम्हाला ९ व्होल्ट दिसोत की १८. चालू बल्बच्या चकतीवर चिमट्याने एलईडी टोचून कोणता गेला ते शोधतात, ते बंद करा. वीज काढून, एलईडी टेस्टरने एकेक पेटवून बघा. ब्रिज तपासताना मीटरचे काळे टोक प्लसवर, लाल आधी एका एसीवर मग दुसऱ्यावर. मग लाल मायनसवर, काळे आधी एका एसीवर मग दुसऱ्यावर. चारही वेळा ०.५ ते ०.६ हवे, टोके उलटी केली की काही नको. इथे वाइंडिंग नाही, त्यामुळे ब्रिज बोर्डावर असतानाच मोजला तरी चालतो. फक्त फ्यूजच्या जागचा तो लहान रेझिस्टर आधी तपासा. पुष्कळदा गेलेला तोच असतो.